गच्चीवरचे पपनस व इतर मिळकत यांची व्यवस्था

मी, दिनानाथ महादेव टिपणीस, वय वर्षे त्र्याहत्तर, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, राहणार ब्लॉक नंबर अकरा, तिसरा मजला, सहवास सोसायटी, कुळगाव, बदलापूर (पूर्व), जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत माझ्या पत्नीचे मत निराळे आहे, परंतु ते लग्नापासूनचे असल्यामुळे ग्राह्य धरू नये. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आहे तो छातीत डाव्या बाजूला, आणि तो जिने चढताना येतो, लिहिताना नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

१. कुटुंब. पत्नी सौ. कुमुदिनी, माहेर रेवदंडा. मुलगा मधुकर, म्हणजे मधू, पुण्याला नोकरीत. मुलगी सौ. पद्मजा, डोंबिवलीला, शाळेत शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पद्मजाने करावी. मधूने राग मानू नये. त्याला सुट्टी मिळत नाही आणि पद्मजाला ती न मागता मिळते, एवढेच कारण.

२. राहता ब्लॉक. तो कुमुदिनीच्या हयातीपर्यंत तिचा. तिला कोणीही "आई, तू आता आमच्याकडेच चल" असे म्हणून हलवू नये. तिला जायचे असेल तर ती कोणी न सांगता जाईल, मी तिला ओळखतो. तिच्यामागे ब्लॉक मधू व पद्मजा यांना निम्मा निम्मा.

३. पोस्टातील व बँकेतील सर्व शिल्लक कुमुदिनीची. तिचे दागिने तिचेच आहेत, ते मी देणारा कोण.

४. माझी शाळेतली मराठीची पुस्तके, जी मी कल्याणच्या चाळीतून फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आणि क्वार्टरमधून येथे आणली, ती पद्मजाची. त्यांची पुठ्ठ्याची वेष्टणे बदलू नयेत. कवितांच्या समासात पेन्सिलीने मात्रा मोजलेल्या आहेत, त्या पुसू नयेत.

येथे थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत. त्या पुस्तकांतल्या बहुतेक कवितांत अंगण होते. अंगणात प्राजक्ताचा सडा, अंगणात चांदणे, अंगणात दाणे टिपणारी पाखरे. गुरुजी चाल लावून म्हणून घेत, आणि आम्ही चाळीतली मुले, ज्यांनी अंगण म्हणजे काय ते पाहिलेले नव्हते, ती सगळ्यांत मोठ्याने म्हणत असू. मला तेव्हा वाटे की मोठे झाल्यावर प्रत्येकाला एक अंगण मिळत असावे, जशी मिशी येते तसे. मिशी आली. फॅक्टरीच्या क्वार्टरला खिडकी होती. त्या खिडकीबाहेर मी लोखंडी पट्टी ठोकून तीन डबे ठेवले, त्यांत सदाफुली, ओवा आणि गवती चहा. निवृत्त झाल्यावर चौऱ्याऐंशी साली हा ब्लॉक घेतला. सगळे म्हणाले, वरचा मजला घेऊ नका, उन्हाळ्यात भाजून निघाल. मी तो गच्चीसाठी घेतला. आकाशाखाली सपाट जागा, कडेला कठडा. अंगण आणखी वेगळे काय असते?

५. गच्चीवरील पिंपे, ड्रम व कुंड्या. गच्ची सोसायटीची आहे हे मला मान्य आहे, त्यामुळे ती मी कोणाला देत नाही. वरचे ड्रम माझे आहेत. ते उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या लधाराम शेठकडून आणलेले, रंगाचे रिकामे. शेठने विचारले होते, "साईं, इसमें क्या भरेगा, पानी?"

मी म्हटले, "मिट्टी. पेड लगायेंगे, छत पे."

"छत पे?" तो नोकराकडे वळून म्हणाला, "देख, लोग छत पे एक और माला चढाते हैं, ये साब जंगल चढायेगा." पण ड्रम आतून घासून दिले, आणि तळाला भोकेही पाडून दिली.

ज्यांना हे ड्रम मिळतील त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. ड्रम स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. खाली जेथे तुळया येऊन खांबाला मिळतात तेथेच ठेवावा. मी बिल्डिंगचा नकाशा मागून घेऊन गच्चीवर गेरूने खुणा केल्या आहेत. ड्रमखाली विटा द्याव्यात, म्हणजे पाणी अडत नाही आणि केरसुणी आत जाते. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर पालापाचोळा, मग माती. माती सोनिवलीच्या हिरामण भोईरकडची घ्यावी. तो शेणखत मिसळूनच देतो. नळीने पाणी घालू नये, झारीने घालावे. नळीने घातलेले पाणी झाडाला कमी आणि शेजाऱ्याला जास्त मिळते.

६. झाडांची वाटणी. अबोली व मोगऱ्याच्या कुंड्या तळमजल्यावरच्या द्रौपदीबाईंना. त्या रोज वेणीपुरती फुले विचारून नेत, आता विचारावे लागणार नाही. कढीपत्ता पद्मजाला. तिने तो गॅलरीत पूर्वेच्या बाजूस ठेवावा आणि दरवेळी शेंडा खुडावा, पान पान तोडू नये. कोरफड मधूला, कारण ती पाण्यावाचून जगते. तुळस कुमुदिनीची आहे आणि ती गच्चीवर नव्हे, घरात आहे, तरी लिहून ठेवतो. गोकर्णीचा वेल पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलेला आहे. तो कोणाला देता येणार नाही. ज्या प्लंबरने तो पाहून शिडी सोडून पाइपावरून चढून टाकी साफ केली, त्याचा मी आभारी आहे.

हत्यारे: सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, खुरपे, झारी व कोयता घरीच ठेवावीत. टी-स्क्वेअर व कंपासपेटी मधूने न्यावी. लहानपणी त्याने ती मागितली होती आणि मी ऑफिसची आहे म्हणून दिली नव्हती. आता ऑफिस विचारायला येणार नाही.

७. मनी प्लांट. जिन्याच्या तोंडाशी तेलाच्या डब्यात आहे. तो कोणालाही देऊ नये. चोरून आणलेलाच मनी प्लांट लागतो असे सर्वांचे म्हणणे असल्यामुळे तो चोरण्यासाठीच ठेवलेला आहे. बिल्डिंगमधल्या जवळपास प्रत्येक घरात त्याची फांदी आहे. कोणी येताना दिसले की मी कठड्याकडे तोंड करून टेकडीवरचे ढग पाहात उभा राहतो. माझ्यामागे जो कोणी असेल त्याने तसेच करावे.

८. भिंतीतले पिंपळ. मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाशेजारी आणि कठड्याच्या फटींत पाखरांच्या कृपेने पिंपळ व उंबर उगवतात. बिल्डिंगमधले कोणी त्यांना हात लावत नाही. देवाचे झाड उपटायचे कसे? एका बाईंनी तर त्यातल्या एकाला शनिवारी पाणी घालायला सुरुवात केली. मी म्हटले, "वहिनी, हे वाढलं की भिंत दुभंगेल." त्या म्हणाल्या, "काका, बारका आहे हो अजून." पिंपळ बारका असतानाच निघतो. दोन पानांचा असताना ओल्या फडक्याने धरून, मुळासकट, हळू ओढावा. एकदा मूळ भिंतीत शिरले की वरून कितीही छाटा, तो आत वाढतो. काढलेले रोप फेकू नये. मी अशी रोपे नदीकाठी नेऊन लावीत आलो. काही जगली आहेत, एकाखाली आता पानाची टपरी आहे.

हे काम पावसाळ्यानंतर दरवर्षी करावे. करणाऱ्याला पापाची भीती वाटत असल्यास त्याने ते पाप माझ्या नावावर घालावे. मी ते या मृत्युपत्राने स्वीकारीत आहे.

९. श्री. दौलतराव शितोळे व सोसायटीचा ठराव. दौलतराव माझे समोरचे शेजारी, ब्लॉक नंबर बारा, आमच्याच फॅक्टरीतले. मी ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारल्या, ते इन्स्पेक्शनला होते. म्हणजे आयुष्यभर माल नापास करण्याची नोकरी. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि तेथेही त्यांनी सवय सोडलेली नाही.

त्र्याण्णवच्या पावसात त्यांच्या देवघरावर ओल आली. ते म्हणाले ड्रममुळे, मी म्हणालो टाकीच्या जॉइंटमुळे. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आणि ओल गेली, त्यामुळे कोण बरोबर ते कधीच कळले नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला: गच्चीवरील बाग तात्काळ काढावी. बरीच बोलाचाली झाली. शेवटी द्रौपदीबाई उठून म्हणाल्या, "अहो, म्हाताऱ्या माणसाचं एक ते काय, राहू द्या की तो आहे तोवर." मला म्हातारा म्हटल्याचे वाईट वाटले, पण ठराव तसाच बदलून पास झाला. टिपणीस हयात असेतो बाग राहील, त्यानंतर पंधरवड्यात गच्ची मोकळी करण्यात येईल. दौलतरावांनी तो स्वच्छ अक्षरात लिहिला आणि माझी सही घेतली.

म्हणजे माझ्याबरोबर बागही जाणार. हे मृत्युपत्र लिहिण्याचे खरे कारण तेच. कुंड्यांची मला काळजी नाही, त्या जिन्याने खाली जातील, गॅलऱ्यांत आणि खिडक्यांत राहतील. काळजी एकाच झाडाची आहे.

१०. पपनस. कुमुदिनीच्या माहेरून गणपतीत आलेल्या पपनसाची बी मी या घरात आलो त्या वर्षी डालड्याच्या डब्यात लावली. डब्यातून बादलीत, बादलीतून सर्वांत मोठ्या ड्रममध्ये. झाड माझ्यापेक्षा उंच झाले, गर्द सावली पडू लागली, काटे बोटाएवढे. पण फूल नाही. वर्षानुवर्षे नाही. दौलतराव वर आले की म्हणत, "काय टिपणीस, बाभूळ कशी आहे?"

कुमुदिनीच्या माहेरी अशी रीत आहे की न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात कोयता दाखवायचा. एकाने तोडायला धावायचे, दुसऱ्याने अडवायचे आणि जामीन राहायचे, की याला सोडा, हे पुढल्या वर्षी फळेल. पंचाण्णव सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण होते. रस्ते ओस पडले होते, घरोघर लोक दारे लावून टीव्हीवर सूर्य पाहात बसले होते. कुमुदिनी माझ्या हातात कोयता देऊन मला वर घेऊन गेली.

मी म्हटले, "तू जामीन राहा."

"घरच्यांचा जामीन झाड मानत नाही," ती म्हणाली. "ते काय खुळं आहे?"

तेवढ्यात दौलतराव वर आले. त्यांच्या हातात त्यांच्या स्वतःच्या छातीचा एक्स-रे होता, त्यातून ग्रहण पाहायचे होते. कुमुदिनी म्हणाली, "भाऊजी, बरे आलात. हे झाड तोडताहेत. तुम्ही नुसतं 'नका तोडू' म्हणायचं."

"मी? वहिनी, तोडा म्हणून मीच ठराव मांडला होता!"

"म्हणूनच तुमचं ऐकेल ते. रोज लाड करणाऱ्याचं कोण ऐकतं?"

"मी असलं काही मानत नाही."

"मानू नका. म्हणा."

दौलतरावांनी एक्स-रे डोळ्यांना लावला आणि आमच्याकडे पाठ केली. मी कोयता उचलला. उजेड तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखा झाला होता, कावळे गप्प होते. मला लहानपणीच्या साऱ्या कविता आठवल्या आणि एकीतही कोयता नव्हता. नुसते टेकवायचे होते, पण अंदाज चुकला आणि घाव बुंध्यात चांगला बसला. आवाज झाला तसे दौलतराव वळले, धावत आले आणि त्यांनी माझे मनगट धरले.

"अहो टिपणीस, खरंच काय मारताय! वेड लागलंय का? नका तोडू! अकरा वर्षांचं झाड आहे!"

"कोण जामीन?" कुमुदिनीने विचारले.

"मी जामीन!" ते ओरडले. "दौलतराव शितोळे, ब्लॉक नंबर बारा! ठेवा तो कोयता खाली!"

पुढच्या माघात झाड फुलले. वास जिन्याने थेट तळमजल्यापर्यंत गेला. फळे धरली ती तीन, आणि मोठी होऊ लागली तशी दौलतरावांनी एकेकाला कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून फांदीला बांधले, खाली कोणाच्या स्कूटरवर पडले तर सोसायटीवर येईल म्हणून. पहिले फळ गणपतीपुढे ठेवले. दुसऱ्यातले अर्धे त्यांनी नेले. म्हणाले, "जामीनकी फुकट नसते." ठराव मात्र त्यांनी मागे घेतला नाही आणि मीही तसे म्हटले नाही. त्यांच्या घरी ओल आली होती, माझ्या नाही.

११. आता या झाडाचे काय करावे. मी पुष्कळ विचार केला. ड्रमसकट ते जिन्याच्या दारातून निघत नाही. हिरामणला वर आणून दाखवले. त्याने माती चाचपली, बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, ह्यो खाली नेला त जगाचा नाय. मुली ड्रमच्या भोकांतून भायेर निंगाल्यान. त्या तोरल्या का खलास." मुली म्हणजे मुळ्या. मधू आला होता तेव्हा त्यालाही विचारले. तो म्हणाला, "बाबा, तुमच्यामागे आईला रोज झारी घेऊन वर चढवणार का? आपण छान फोटो काढून ठेवू." त्याचे चूक नाही. आईची काळजी आहे त्याला. पण फोटोला मोहोर येत नाही.

म्हणून मी हे पपनसाचे झाड, ड्रम, खालच्या विटा व त्यावर येणारी सर्व फळे यांसह, श्री. दौलतराव शितोळे यांना देत आहे. ठरावाप्रमाणे पंधरवड्यात गच्ची मोकळी करण्याचे काम सेक्रेटरी म्हणून त्यांच्याकडेच येईल. आपले स्वतःचे झाड ते तोडतील की ठेवतील, हे त्यांनी ठरवावे. तोडले तर माझी तक्रार नाही आणि पद्मजाने ती माझ्या वतीने करू नये. एवढेच की, तोडायचे असल्यास मोहोर असताना तोडू नये, आणि कुमुदिनी घरात असताना तोडू नये.

१२. माझे दिवस वगैरे कुमुदिनी सांगेल तसे करावे. हार घालण्यासाठी गच्चीवरची फुले तोडू नयेत. बाजारातली चालतील, मला कळणार नाही.

१३. पुरवणी. वरील मजकूर काल लिहून झाला. आज, रविवारी सकाळी, साक्षीदार म्हणून डॉ. पद्माकर राजे व दौलतराव यांना घरी बोलावले. दौलतरावांना झाडाचे सांगितलेले नव्हते. डॉक्टरांनी सही केली. दौलतरावांनी चष्मा लावला आणि सही करण्याआधी सगळा कागद वाचायला घेतला. मी म्हटले, साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, मी सही करताना पाहिले की पुरे. ते म्हणाले, "मी न वाचता आजवर काही पास केलेलं नाही."

नवव्या कलमाला त्यांनी घसा खाकरला. दहाव्याला कुमुदिनीकडे पाहिले. अकरावे दोनदा वाचले. मग पेनाला टोपण लावून ते खिशात घातले.

"मी सही करत नाही."

मी म्हटले, "दौलतराव, मनाविरुद्ध असेल तर ते कलम काढतो."

"काढायचं काही कारण नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालायची नसते, पुढे लफडं होतं. माझं नाव काटा आणि दुसरा कोणी बघा." दारापाशी जाऊन ते थांबले. "आणि ठराव बदलायचा अर्ज आजच द्या, माझ्याकडे. मेलेल्या माणसाचा अर्ज सोसायटी घेत नाही. वहिनी, झारी कुठे असते?"

कुमुदिनीने मोरीकडे बोट दाखवले. ते झारी भरून घेऊन वर गेले. हे लिहिताना डोक्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येत आहे. पाणी जास्त घालत आहेत, पण मी ओरडणार नाही.

दुसऱ्या साक्षीसाठी हिरामण भोईर, माती घेऊन आलेला, यास बसवले. त्याने विचारले, "मना काय ठेवलाव का, काका?" मी म्हटले, "नाही रे." तो म्हणाला, "मंग बरा. कुठं करू सही?" त्याला काही ठेवता आले नाही याचे मला वाईट वाटते, पण कायद्याला तसाच माणूस लागतो.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांच्या नावांत केलेली खाडाखोड मी स्वतः केली असून ती मला मनापासून मान्य आहे.

स्थळ: कुळगाव, बदलापूर
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९८

(सही) दिनानाथ महादेव टिपणीस

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

१. (सही) डॉ. पद्माकर राजे, बदलापूर
२. दौलतराव शितोळे, ब्लॉक नंबर बारा — नाव काटले, कारण लाभधारक. दि. म. टि.
२. (सही) हिरामण भोईर, सोनिवली